व्हॉल्व्ह स्प्रिंग टेस्टर आणि हाइट मायक्रोमीटर: मॉडिफाय केलेल्या एलएस१ वर वापरून लिहिलेला रिव्ह्यू

सरळ सांगतो, ज्याच्याकडे दुसऱ्या कुणीतरी बिल्ड केलेलं इंजिन आहे आणि आत कोणते पार्ट टाकलेत याचा एकही कागद नाही, त्याने कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), एक्झॉस्ट, ट्यून या सगळ्याच्या आधी या दोन टूलवर खर्च करावा. व्हॉल्व्ह बंद ठेवणाऱ्या स्प्रिंगचा जोर मोजणारा, वाइसमध्ये धरायचा स्प्रिंग टेस्टर आणि स्प्रिंगला किती उंची मिळते ते मोजणारा, स्प्रिंगच्या जागी बसवायचा हाइट मायक्रोमीटर. माझ्या सेटमध्ये सोबत एक हलकी चेकिंग स्प्रिंग आणि लांबी कमीजास्त करता येणारा चेकिंग पुशरॉडही (पुशरॉड म्हणजे कॅमची हालचाल वर पोचवणारी सळई) होता, त्यांच्याबद्दलही पुढे लिहितो. ब्रँडचं नाव देत नाही कारण हीच रचना बऱ्याच कंपन्या बनवतात आणि चांगलंवाईट जे काही आहे ते रचनेचंच आहे.

इंजिन शेवरलेटचं एलएस१, ५.७ लिटर, म्हणजे १९९७ च्या कॉर्व्हेटपासून आलेलं ते. आधीच्या मालकाने कॅम बदललेला, स्प्रिंग बदललेल्या, हेडचंही काम करून घेतलेलं, पण काय काय ते त्यालाही नीट सांगता येईना. एक आतली स्प्रिंग तुटली, नशिबाने बाहेरच्या स्प्रिंगने व्हॉल्व्ह धरून ठेवला आणि पिस्टन वाचला. आता तशीच स्प्रिंग हवी. पार्ट विकणाऱ्या दोन-तीन ठिकाणी विचारलं तर सगळीकडे पहिला प्रश्न गाडी कोणती, साल कोणतं, आणि त्यावर जे उत्तर मिळतं ते फॅक्टरीतून निघालेल्या इंजिनाचं असतं. एकाने तर फोटो बघून लगेच पार्ट नंबर दिला, तो सिंगल बीहाइव्ह (वरती निमुळत्या) स्प्रिंगचा होता, माझ्याकडे फोटोत स्पष्ट दिसत होती डबल स्प्रिंग. त्याचा दोष फार मोठा नाही म्हणा, त्याच्या यादीत गाडी आहे, माझं इंजिन नाही. पण तो पार्ट बसवला असता तर काय झालं असतं याचा विचार केला की अंगावर काटा येतो, कारण एलएस६ ची (एलएस१ चाच जास्त ताकदीचा प्रकार) ओरिजनल बीहाइव्ह साधारण ०.५५० इंच लिफ्टपर्यंतच, म्हणजे व्हॉल्व्ह तेवढा उघडेपर्यंतच, वापरतात आणि माझा कॅम त्याच्या पुढे जातो हे नंतर मोजल्यावर कळलं.

आता टेस्टरकडे येतो. दोन गोल प्लेट, मध्ये हायड्रॉलिक पिस्टन, वरती पाउंडमध्ये दाखवणारा गेज. दोन प्लेटमध्ये स्प्रिंग ठेवायची, सगळं वाइसमध्ये धरायचं आणि दाबत जायचं. इतकं साधं आहे आणि त्यातच त्याचा फायदा आहे, मोठा लिव्हरवाला टेस्टर ठेवायला जागा नसेल तर हा खणात मावतो. आकडा किती खरा? मी माहीत असलेलं वजन ठेवून तपासला तर खालच्या टोकाला गेज थोडा आळशी वाटतो, सुई उशिरा हलते, पण शंभर पाउंडच्या वर एकच स्प्रिंग पुन्हा पुन्हा दाबली तर आकडा तोच येतो, आणि पार्ट ओळखायला हेच पुनःपुन्हा तेच येणं जास्त महत्त्वाचं आहे.

खरी अडचण उंची मोजण्यात आहे. प्लेटमधलं अंतर किती झालं हे टेस्टर स्वतः सांगत नाही, बाहेरून व्हर्निअर लावावा लागतो आणि वाइसचे जबडे जरा तिरके असले तर एका बाजूला एक माप, दुसऱ्या बाजूला दुसरं. यावर मी केलेला उपाय असा, लेथवर दोन गोल सळईचे तुकडे बरोब्बर १.८०० आणि १.२०० इंच लांबीचे करून घेतले, स्प्रिंगच्या पोटात उभे ठेवायचे आणि प्लेट तुकड्याला टेकते न टेकते तिथे आकडा वाचायचा, टेकल्यावर वाचलात तर लोड तुकड्यावर जातो आणि आकडा फुगतो. कंपनीने असे दोन-चार तुकडे सेटमध्येच द्यायला हवे होते, याचा खर्च तो किती, आणि यानेच टूलचा दर्जा बदलतो.

आणि गॉगल घाला. तीनशे-साडेतीनशे पाउंडवर दाबलेली स्प्रिंग वाइसमधून सटकली तर ती कुठे जाईल हे कुणी सांगू शकत नाही. माहितीपत्रकात हे एका ओळीत बारीक अक्षरात आहे, मोठ्या अक्षरात असायला पाहिजे.

आता महत्त्वाचा भाग, या टूलने पार्ट ओळखता कसा येतो. माझ्या न तुटलेल्या स्प्रिंगांचा लोड १.८०० इंच उंचीवर १३२ पाउंडच्या आसपास आला, म्हणजे साधारण ६० किलो. १.२०० इंचावर ३७०. आता हा १३२ आकडा घेऊन कंपन्यांचे स्प्रिंगचे चार्ट शोधायला बसलात तर चुकीच्या स्प्रिंगपाशी पोचाल, कारण वापरलेली स्प्रिंग दबलेली असते. उष्णतेने आणि लाखो वेळा दाबली गेल्याने तिची मोकळी लांबी थोडी कमी होते आणि त्याच उंचीवर लोड कमी दिसतो. पण स्प्रिंगचा रेट, म्हणजे एक इंच दाबायला किती पाउंड वाढतात तो आकडा, दबल्यावरही जवळपास तोच राहतो, कारण तो तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, वेटोळ्यांची संख्या आणि स्टीलचा गुण यांवर ठरतो आणि यातलं काहीच दबल्याने बदलत नाही. माझं गणित, ३७० वजा १३२ म्हणजे २३८, भागिले ०.६०० इंच, जवळपास ४०० पाउंड प्रति इंच. हा ४०० घेऊन शोधलं, सोबत बाहेरचा व्यास, आतल्या स्प्रिंगचा आतला व्यास, तारेची जाडी आणि पूर्ण दाबल्यावरची उंची, तर चार्टमध्ये बरोबर जुळणारी स्प्रिंग सापडली, नवी असताना १.८०० वर १५० पाउंड देणारी. म्हणजे माझ्या स्प्रिंगांनी अठरा पाउंड गमावले होते आणि एक तुटली नसती तरी सगळ्या बदलायची वेळ आलीच होती. हे एकच माप घेणाऱ्याला कळत नाही, दोन उंचीवर मोजणाऱ्याला कळतं. या एका गोष्टीसाठी टेस्टरला मी पूर्ण मार्क देतो.

तारेची जाडी मोजताना जरा जपून. रेट तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर जातो, जाडीत एक टक्का चुकलात तर रेटमध्ये चार टक्के चूक, म्हणून स्वस्त व्हर्निअरऐवजी मायक्रोमीटर वापरा आणि तारेवरचा तेलाचा काळा थर आधी पुसून घ्या. बीहाइव्ह असेल तर तार बऱ्याचदा गोल नसते, अंडाकृती असते, मग दोन्ही बाजूंनी मोजायचं. डबल स्प्रिंगमध्ये मधे चपटी पट्टी असेल तर तो डॅम्पर आहे, ती तिसरी स्प्रिंग समजून लोडात वेगळी मोजत बसू नका, पण ऑर्डर करताना डॅम्पर आहे हे सांगा.

हाइट मायक्रोमीटर मला टेस्टरपेक्षाही जास्त आवडला. स्प्रिंग काढायची, त्या जागी हा बसवायचा, वर तोच रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) आणि तेच लॉक (ती टोपी व्हॉल्व्हच्या दांड्यावर अडकवणारे तुकडे) लावायचे, फिरवून घट्ट करायचा आणि स्प्रिंगला प्रत्यक्ष किती जागा मिळते ते वाचायचं. रेषा स्वच्छ कोरलेल्या आहेत, आट्यात ढिलाई जाणवत नाही, रेंज १.६०० ते २.२०० इंच, या इंजिनाला भरपूर झाली. एलएस१ ला फॅक्टरीची उंची १.८०० इंच, म्हणजे ४५.७ मिमी. माझ्याकडे बरेचसे व्हॉल्व्ह त्याच्या जवळ निघाले पण एक १.८३० निघाला. सीट कटिंग करताना तो व्हॉल्व्ह जास्त आत बसवला गेलेला, आत बसला की दांड्याचं टोक वर येतं आणि स्प्रिंगची जागा वाढते. ०.०३० इंच गुणिले ४०० म्हणजे १२ पाउंड लोड तिथे कमी, आणि वरच्या आरपीएमवर सगळ्यात आधी तरंगणार, म्हणजे वेळेवर बंद होणार नाही, तो हाच व्हॉल्व्ह. खाली ०.०३० ची शिम (पातळ चकती) टाकली की झालं, शिम ०.०१५, ०.०३० आणि ०.०६० मध्ये सहज मिळतात. मोजलंच नसतं तर हे कधी सापडलं नसतं, म्हणून सगळे सोळा व्हॉल्व्ह मोजा, दोन-चार मोजून बाकीचे तसेच असतील असं धरू नका.

इथे एक गोष्ट खूप जणांकडून सुटते. एलएसच्या फॅक्टरी हेडमध्ये व्हॉल्व्ह सील आणि स्प्रिंगखालची वाटी एकच तुकडा असतो. डबल स्प्रिंग टाकताना तो काढून सील वेगळं आणि स्प्रिंग जागेवर धरणारी वाटी वेगळी टाकतात. मायक्रोमीटर लावताना ती वाटी खाली असलीच पाहिजे, नाहीतर तिच्या जाडीइतकं माप खोटं येणार. आणि रिटेनर बदलणार असाल तर नव्या रिटेनरने पुन्हा मोजा, प्रत्येक रिटेनरची पायरी वेगळ्या खोलीवर असते, फक्त रिटेनर बदलूनही उंची सरकते.

रिटेनर आणि लॉक ओळखण्यात हे किट काहीच मदत करत नाही, ते डोळ्याने, चुंबकाने आणि मापानेच करावं लागतं. एलएसचा दांडा ८ मिमीचा, फॅक्टरी लॉक ७ डिग्रीचे. रेसिंगच्या सामानात १० डिग्रीचेही असतात आणि ७ च्या रिटेनरमध्ये १० चा लॉक वरवर बसल्यासारखा वाटतो, पण पकड फक्त एका कडेवर राहते, तो रिटेनर फाटून व्हॉल्व्ह खाली पडू शकतो. म्हणून रिटेनर आणि लॉक एकाच घरचे जोडीने घ्या, इथे काटकसर नको. रिटेनरला चुंबक चिकटला तर स्टील, नाही चिकटला आणि हातात हलका लागला तर बहुतेक टायटॅनियम. व्हॉल्व्हलाही चुंबक लावून बघा, साध्या इनटेक व्हॉल्व्हला चिकटतो, चांगल्या स्टेनलेस व्हॉल्व्हच्या दांड्याला जवळजवळ चिकटत नाही, मात्र टोकाला वेगळं कडक स्टील जोडलेलं असेल तर तिथे चिकटतो, म्हणून टोकावरून निर्णय घेऊ नका. २००२ पासूनच्या एलएस६ चे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आतून पोकळ आणि सोडियम भरलेले असतात, तसले हातात आले तर कापून बघायचा मोह कृपया टाळा, सोडियम पाण्याला लागला की पेटतो.

हेडवर कास्टिंग नंबर असतो, माझ्यावर २४१, म्हणजे साध्या एलएस१ चं नंतरचं हेड. एलएस६ चं २४३. चेंबर (हेडमधली ज्वलनाची जागा) २४१ ला साधारण ६७ सीसी आणि २४३ ला साधारण ६४. पण नंबर फक्त ओतकाम कोणतं ते सांगतो, नंतर हेड किती फेस केलंय ते सांगत नाही. माझं चेंबर ब्युरेटने भरून बघितलं तर ६७ पेक्षा बरंच कमी आलं, म्हणजे हेड घासलेलं आहे, आणि याचा थेट संबंध पुशरॉडशी आहे.

पुशरॉडचा भाग जरा सविस्तर लिहितो कारण पार्ट मागवताना सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. फॅक्टरी लांबी ७.४०० इंचाच्या आसपास. हेड घासलं किंवा हेड गॅस्केट पातळ टाकलं की रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी वरची पट्टी) लिफ्टरच्या (कॅमवर बसून पुशरॉड उचलणारा भाग) जवळ येतो, पुशरॉड छोटा लागतो. व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल गेला तरी छोटाच लागतो. कॅमचा बेस सर्कल (व्हॉल्व्ह बंद असतानाचा गोल भाग) छोटा केलेला असेल, जे जास्त लिफ्टच्या कॅममध्ये बऱ्याचदा असतं, तर लिफ्टर खाली बसतो आणि पुशरॉड मोठा लागतो. माझ्या इंजिनात हे सगळं एकाच वेळी झालेलं, त्यामुळे डोक्याने गणित मांडून उत्तर येत नाही, मोजावंच लागतं. आणि या रॉकरला स्क्रू फिरवून ॲडजस्ट करायची सोय नाही, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळायचा, संपलं. लिफ्टरमधला प्रीलोड, म्हणजे लिफ्टर आतून किती दाबलेला राहणार, हे पुशरॉडची लांबीच ठरवते.

किटमधला चेकिंग पुशरॉड एका फेऱ्याला ०.०५० इंच वाढतो. कल्पना चांगली, काम बरोबर करतो, पण त्याला लॉक करायची सोय नाही, हलवताना फिरतो. मी मार्करने रेघ मारून घेतो आणि काढल्यावर लगेच व्हर्निअरने लांबी नोंदवतो. लिफ्टर कॅमच्या बेस सर्कलवर आणायचा, लोड नको म्हणून हलकी चेकिंग स्प्रिंग लावायची, रॉकर आवळायचा, पुशरॉड ढिलाई संपेपर्यंत वाढवायचा, मग त्यात लिफ्टर बनवणाऱ्याने सांगितलेला प्रीलोड मिळवायचा. माझं शून्य ढिलाईचं माप ७.३२५, प्रीलोड ०.०५०, म्हणून ७.३७५ चे पुशरॉड. फॅक्टरीचेच मागवले असते तर ०.०२५ ने जास्त दाबले गेले असते. एक सूचना, काही कंपन्या पुशरॉडची लांबी टोकाच्या तेलाच्या भोकासकट मोजतात आणि काही भोक नाही असं धरून, दोन्हीत थोडा फरक पडतो, ऑर्डर करताना कोणतं माप ते विचारून घ्या.

चेकिंग स्प्रिंग एकच दिली आहे. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच सिलिंडरवर तपासायचे असतात, पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर बघायला तर दोन लागतातच, इनटेकला निदान ०.०८० आणि एक्झॉस्टला ०.१०० इंच ठेवायचं असतं. दुसरी वेगळी घ्यावी लागली. हा कंजूषपणा पटला नाही.

कॅमची लिफ्ट मी डायलने पुशरॉडच्या टोकाला मोजली, लोबवर (कॅमच्या उंचवट्यावर) ०.३५३ आली, रॉकरचा रेशो १.७, गुणाकार ०.६००. कॅमच्या टोकावर ग्राइंड नंबर कोरलेला असतो पण तो बघायला पुढचं कव्हर उघडावं लागतं, आणि नंबर पुसट असला तर डायलशिवाय पर्याय नाही. आता ही ०.६०० टेस्टरच्या आकड्यांशी जोडा, १.८०० मधून ०.६०० गेले की पूर्ण उघड्या व्हॉल्व्हला स्प्रिंग १.२०० उंचीवर, आणि माझी स्प्रिंग वाइसमध्ये पूर्ण बंद होते १.०९० वर, म्हणजे ०.११० शिल्लक. निदान ०.०६० तरी शिल्लक हवं असं धरतात, त्यामुळे स्प्रिंग या कॅमला योग्य आहे हेही कळलं. आधीच्या बिल्डरने ते काम समजून केलं होतं, त्याचं कौतुक वाटलं. रिटेनरची खालची बाजू आणि सील यांच्यामधलं अंतरही याच लिफ्टवर बघून घ्या, तिथेही साधारण तेवढीच जागा लागते.

रॉकरबद्दल थोडक्यात, फॅक्टरी रॉकरच्या ट्रनियनमध्ये (रॉकर ज्यावर फिरतो त्या मधल्या आसात) सुट्या सुया असतात, जोरदार स्प्रिंग आणि जास्त लिफ्टमध्ये त्या बाहेर पडून तेलात जायच्या गोष्टी सर्रास ऐकायला मिळतात, म्हणून रॉकर उलटा करून बघा, सुधारित ट्रनियन बसवलेली आहे का. लिफ्टर ०.८४२ इंच व्यासाचे, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये बसतात आणि हेड काढल्याशिवाय बाहेर येत नाहीत, तर हेड उघडलंच आहे तेव्हा तेही तपासून घ्या, पुन्हा ते काम कोण करतो.

ओव्हरहेड कॅमच्या इंजिनाला हे किट चालेल का, असं विचारणाऱ्यांना, टेस्टर नक्की चालेल, स्प्रिंग ती स्प्रिंगच. मायक्रोमीटरचं मात्र आधी बघा, होंडा बी सिरीजसारख्या इंजिनात दांडा ५.५ मिमी आणि स्प्रिंगची जागा अरुंद, हा जाडा मायक्रोमीटर खोलगट भागात उतरत नाही, बारीक व्यासाचा वेगळा घ्यावा लागतो. चेकिंग पुशरॉडचा तर प्रश्नच नाही.

तर कुणी घ्यावा, ज्याचं इंजिन मॉडिफाय केलेलं आहे आणि जो हेड स्वतः उघडतो त्याने डोळे झाकून घ्यावा, मायक्रोमीटरला पाचपैकी पाच, टेस्टरला चार, उंचीचे तुकडे सोबत दिले असते तर पाच, चेकिंग पुशरॉडला तीन. फॅक्टरी इंजिन असेल तर गरज नाही, पार्ट नंबर पुरेसा आहे. मागवण्याआधी वाइस तपासा, जबडे किमान चार इंच उघडले पाहिजेत, टेस्टरची स्वतःची जाडी आणि मोकळी स्प्रिंग मिळून तेवढी जागा जातेच. आणि सोळाही व्हॉल्व्हचे आकडे सिलिंडरनुसार कागदावर लिहून तो कागद इंजिनासोबतच ठेवा, पुढच्या वेळी स्प्रिंग मागवताना गाडीचं नाव आणि साल सांगायची वेळच येणार नाही, थेट व्यास, उंची, रेट आणि लिफ्ट सांगायची.